पाचवा

रात्रपाळीचा भोंगा झाला की
काट्यावरच्या खुर्चीखाली मी चपला सारतो,
बूट चढवतो, आणि पलूसच्या चौकात उभा राहतो
रियाज मुजावरच्या टेम्पोची वाट बघत.
हौद्यात टोमॅटोचे रिकामे क्रेट, त्यांवर आम्ही;
पुढं चौगुले सर, मांडीवर वही.

नियम सोपा आहे : पळायचं सहांनी, धरायचे चार.
ज्याचा जो नंबर तेच त्याचे गुण,
आणि ज्या क्लबाची बेरीज कमी, तो वर.
संतू लेंगरे मेंढरांमागं वाढला,
त्याला चढ म्हणजे घरचं अंगण.
मग रियाज, मग मगदुमांचा अभिनंदन,
मग पोस्टातला कुंभार.
सहावे खोत आण्णा, वय छप्पन्न, गुडघ्याला पट्टा.
मी पाचवा.
पाचव्याला वहीत रकाना असतो,
बेरीज त्याच्या वरच संपते.

कार्तिकात भोसे, दंडोबाच्या पायथ्याला.
गवत वाळून उभं, मोज्यांत कुसळंच कुसळं.
बायको चिमट्यानं एकेक काढत म्हणाली,
"कितवा आलासा?"
म्हटलं, "मोज की कुसळं. तेवढ्यातच असंल."

मार्गशीर्षात सावळज. बागांच्या कडेनं वाट,
हवेत औषधाचा वास, घशात त्याची चव.
मांडवाखाली घड विरळणाऱ्या बायका,
त्यातली एक कात्री थांबवून ओरडली,
"आवो, मागं कोण लागलंय तुमच्या?"
खोत आण्णा न थांबता म्हणाले,
"शुगर!"
पुढचा बांध आम्ही दोघं हसतच उतरलो.
दहा जण गेले पुढं. गेले तर गेले.

पौषात भिलवडीची मळी.
वाट ज्याच्या रानातून आखलेली,
त्यानं रात्री लाईट आली म्हणून पाणी सोडलेलं.
त्याला तरी काय म्हणायचं?
काळ्या रानानं अभिनंदनचा डावा बूट ठेवून घेतला,
तो तसाच पळाला, एक पाय शहरातला, एक गावातला.

आणि माघात ढालगावचं पठार.
वारा असा की पवनचक्क्याही दम खात होत्या.
शेवटच्या नांगरटीत, ढेकळांवरून पाय मुरगळत,
माझ्यापुढं एक पिवळा बनियन :
मिरजकरांचा चौथा.
मला काट्यावरच्या ट्रॉल्या आठवल्या.
प्रत्येक ट्रॉली दोनदा येते,
एकदा ऊस भरून, एकदा रिकामी.
रिकाम्या वजनाकडं कुणी बघत नाही,
ड्रायव्हर तोवर तंबाखू मळत असतो;
पण तो आकडा पडल्याशिवाय
ऊस किती, ते कारखान्यालाही कळत नाही.
असलं काहीबाही डोक्यात येतं दम लागला की.
पिवळ्याच्या मानेवर घामाची रेघ होती.
ती आधी पुढं होती, मग शेजारी,
मग नव्हती.

आमचे आठ, एकोणीस, सत्तावीस, चाळीस : चौऱ्याण्णव.
त्यांचे बारा, सोळा, पंचवीस आणि
एक्केचाळीस व्हायचे ते बेचाळीस : पंच्याण्णव.
जिल्ह्यात तिसरे आम्ही.
ढाल छोटी, ती संतूच्या हातात; फोटोत चौघं.
सर वहीत खाली मान घालून बसलेले.
माझ्या एक्केचाळिसाभोवती त्यांनी
शिसपेन्सिलीनं एक गोल केला होता,
इतका फिकट, की पुसायला सोपा जावा.

झेंडे उपटून झाले, माईकवाला वायर गुंडाळत होता,
तेव्हा नांगरटीच्या टोकाला खोत आण्णा दिसले.
मी सामोरा गेलो, त्यांच्या चालीनं पळत परत आलो.
"लागलो का न्हाई आपण?"
"लागलो. तिसरं."
"कितीनं?"
"एकानं."
"मायला! एकानं? कुणाच्या जिवावर?"

मी खाली वाकलो.
मोज्यात एक कुसळ होतं, भोशाचंच असावं,
चार महिने निघालं नव्हतं.